चालती गाडी दम सोडते तेव्हा : सुटा भाग बदलण्याआधीचे निदान

नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूर पट्ट्यातील कांद्याची एक मोठी वाट दक्षिणेकडे जाते. तिचे एक टोक चेन्नईच्या कोयंबेडू घाऊक बाजारात आहे. १९९६ साली सुरू झालेला हा बाजार अण्णा नगर या वस्तीला जवळजवळ लागूनच आहे. लांब पल्ल्याचे ट्रक बाजारात रिकामे होतात आणि तेथून किरकोळ विक्रेत्यांपर्यंत माल नेण्याचे काम छोटे पिकअप, टेम्पो व मालवाहू व्हॅन करतात. तिरुमंगलमचा चौक आणि अण्णा नगरचे वर्दळीचे ॲव्हेन्यू हे अंतर काही किलोमीटरचेच आहे; परंतु सकाळच्या गर्दीत ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत कापावे लागते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास आणि हवेत समुद्राचा दमटपणा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाचे साचलेले पाणी. इंजिनाची परीक्षा पाहणारी ही दोन्ही टोके एकाच रस्त्यावर भेटतात.

अशा वाटेवर भरलेली गाडी आधी आचके देते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही आणि चौकाच्या मध्यभागी बंद पडते. चालक किल्ली फिरवत राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी ती जणू काही झालेच नाही अशी चालू होते. गॅरेजमध्ये नेल्यावर तासभर उभी ठेवूनही काही दोष दाखवत नाही. मग अंदाजाने इंधनपंप बदलला जातो, पुढच्या आठवड्यात स्पार्क प्लग, त्यानंतर इंजेक्टर. खर्च वाढत जातो आणि गाडी पुन्हा त्याच चौकात उभी राहते. शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा भाडेतत्त्वावर अवजारे देणाऱ्या केंद्राच्या हिशेबात हा खर्च ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली दडतो. टोमॅटो किंवा पालेभाजीचा बाजार चुकल्याने झालेला तोटा तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

पान पिवळे पडले की लगेच युरिया टाकायचा, या सवयीविरुद्ध विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्याने येतो, मुळे कुजल्यानेही येतो. म्हणून आधी रोप उपटून मूळ पाहावे लागते. गाडीच्या बाबतीतही ‘बंद पडते’ हे लक्षण आहे, रोग नव्हे. इंजिनाला योग्य प्रमाणात इंधन, पुरेशी हवा, वेळेवर ठिणगी (डिझेलमध्ये पुरेसा दाब) आणि जळालेला वायू बाहेर टाकण्याची मोकळी वाट एवढ्याच गोष्टी लागतात. यांपैकी काय तुटले ते गाडी बंद पडण्याच्या क्षणी स्वतःच सांगत असते. तो क्षण नोंदवला गेला नाही तर पुढचे सारे अंदाजपंचे होते.

बंद कशी पडली?

पहिला भेद अचानक आणि हळूहळू यांतला आहे. दिवा मालवावा तसे इंजिन एका क्षणात थांबले, आधी एकही आचका आला नाही, तर संशय विजेच्या बाजूला जातो : इग्निशन स्विच, मुख्य रिले, बॅटरीची सैल पट्टी, इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा क्रँकशाफ्ट सेन्सर. याउलट गाडी शंभर-दोनशे मीटर कुथत राहिली, ओझ्यावर अधिक आणि मोकळ्यावर कमी त्रास झाला, तर बहुधा इंधन अपुरे पडत असते किंवा हवेची वाट अडलेली असते.

दुसरी खूण डॅशबोर्डवर असते आणि ती फारच थोडे चालक पाहतात. गाडी गिअरमध्ये असून क्लच दाबलेला नसेल, तर इंजिन पेट घेणे थांबले तरी चाके त्याला फिरवत राहतात. अशा वेळी इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा वेगाबरोबर हळूहळू खाली आला पाहिजे. तो जर गाडी धावत असतानाच एकदम शून्यावर आपटला, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ असा होतो की नियंत्रण करणाऱ्या संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळेनासे झाले आहे. म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सर, त्याची वायर किंवा संगणकाला येणारी वीज. काटा व्यवस्थित उतरत असेल तर सेन्सरवरचा संशय बराच कमी होतो आणि इंधन तपासायला घ्यावे. फुकटात मिळणारी ही एक नोंद हजारो रुपयांचा सुटा भाग वाचवू शकते.

त्याच क्षणी डॅशबोर्डवरील दिवे, हॉर्न, रेडिओ हेही गेले का? सगळेच गेले तर बॅटरीची टर्मिनले, बॅटरी ते बॉडी ही अर्थची पट्टी आणि मुख्य फ्यूज यांच्यापलीकडे जाण्याची घाई करू नये. बॅटरीचा लाल दिवा बराच वेळ आधी लागलेला होता आणि हेडलाइट मंद होत गेले असतील तर अल्टरनेटर तपासावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. चालत्या इंजिनावर तो १२ च्या खाली घसरत असेल तर गाडी केवळ बॅटरीच्या शिलकीवर धावत आहे आणि ती शिल्लक संपली की थांबणार.

याशिवाय सहा-सात गोष्टी चालकाने लिहून ठेवाव्यात. गाडी सुरू केल्यापासून किती वेळाने बंद पडली, इंजिनाचे तापमान किती होते, माल किती होता, टाकीत इंधन किती होते आणि ते कधी, कोठे भरले होते, धूर दिसला का व कोणत्या रंगाचा, पेट्रोलचा वास आला का, आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला. मोबाइलवर डॅशबोर्डचे चित्रीकरण सहप्रवाशाने करून ठेवले तर आणखी उत्तम. गॅरेजमध्ये ‘कधी कधी बंद पडते’ एवढेच सांगणे आणि ही नोंद दाखवणे यांत निदानाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

उष्णतेतील बिघाड

जुन्या ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळातील चालक इंजिनाला जोडलेल्या पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळत असत. उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने नळीतच पेट्रोलची वाफ होई, पंपाला द्रव मिळत नसे आणि गाडी थांबे. फडके हा त्यावरचा साधा आणि खरा उपाय होता. आजच्या गाड्यांत पंप टाकीच्या आत, इंधनात बुडालेला असतो आणि नळीत सुमारे ३ ते ४ बार दाब असतो, त्यामुळे वाफेचा अडथळा क्वचितच होतो. तरीही मे महिन्यातील दुपारी बंद पडणाऱ्या गाडीला ‘पेट्रोलची वाफ झाली’ असेच म्हटले जाते आणि खरा दोष बाजूला राहतो.

आजच्या गाडीत उष्णतेने कच खाणारे घटक तीन. क्रँकशाफ्ट सेन्सरमधील बारीक तारेची गुंडाळी तापून प्रसरण पावते आणि आतल्या आत तुटते. थंड झाल्यावर पुन्हा जोडली जाते. म्हणून गाडी पंधरा-वीस मिनिटांनी चालू होते आणि गॅरेजमधील सावलीत दोष सापडत नाही. इग्निशन कॉइलचेही असेच होते. मात्र प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन सहसा पूर्ण बंद न पडता एका सिलिंडरवर लंगडत चालते. तिसरा घटक टाकीतील पंप. त्याला थंडावा देण्याचे काम भोवतीचे इंधनच करते. पाव टाकीपेक्षा कमी इंधनावर, उन्हात, कासवगतीने गाडी चालवण्याची सवय असेल तर पंपाची मोटर तापत राहते आणि तिचे ब्रश झिजतात. अण्णा नगर ते कोयंबेडू अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ‘रोजच्यापुरतेच पेट्रोल’ भरण्याची रीत अंगलट येते ती अशी.

या तिघांतला गुन्हेगार शोधायचा तर गाडी बंद असतानाच तपासावी लागते. चालू झाल्यावर पुरावा नष्ट झालेला असतो. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का, हे पाहावे. येत नसेल तर पंपाच्या प्लगवर बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावून मदतनिसाकरवी स्टार्टर फिरवावा. दिवा लख्ख लागला आणि पंप मुका राहिला तर दोष पंपाचा. दिवा लागलाच नाही तर पंप निर्दोष असू शकतो. फ्यूज, रिले, वायर आणि अर्थ यांकडे मागे मागे जावे. येथे मल्टिमीटरपेक्षा दिवा बरा. गंजलेल्या जोडातून मीटर फिरण्याइतका दाब पोहोचतो, पण पंप चालण्याइतका प्रवाह पोहोचत नाही. मीटर ‘बारा व्होल्ट आहेत’ असे सांगते आणि मेकॅनिक पंप बदलतो, हा प्रकार नवा नाही.

पंप चालतो आहे असे दिसले तरी दाब मोजल्याखेरीज निर्णय देऊ नये. दाबमापक जोडून, शक्य असेल तेथे काचेसमोर दिसेल असा सुरक्षितपणे बांधून, चढावर किंवा मालासह फेरी घ्यावी. उभ्या गाडीत ३ बार दाखवणारा पंप ओझ्यावर २ बारवर येत असेल तर गाडी ओढणार नाही, हे उघड आहे. मात्र तेव्हाही पंपाआधी फिल्टर आणि टाकीचे तळघर पाहावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर एक फारच सोपी परीक्षा उपलब्ध असते : दोष येताच दुसऱ्या इंधनावर जावे. एकाच इंधनावर गाडी बंद पडत असेल तर त्या इंधनाची वाट दोषी. दोन्हींवर पडत असेल तर ठिणगी किंवा सेन्सर.

डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टर

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्न नसल्यामुळे संशयितांची यादी आखूड होते आणि तिच्या शिरावर बहुतेक वेळा डिझेल फिल्टर असतो. फिल्टर तुंबला की मोकळी गाडी ठीक चालते. माल भरून पुलाचा चढ चढताना दम सोडते. बंद करून पाच-दहा मिनिटे थांबले की फिल्टरमधून थोडे डिझेल झिरपून साठते आणि गाडी पुन्हा काही अंतर जाते. नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टर तासाभराने मान टाकतो आणि बांधावर विश्रांती घेतल्यावर पुन्हा चालतो, तेही याच कारणाने.

याच लक्षणांचा एक भाऊ आहे आणि त्याचा खर्च शून्य रुपये. टाकीत इंधन कमी होते तसतशी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीत बारीक छिद्र असते. ते धूळ-मातीने बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंप डिझेल ओढू शकत नाही. गाडी किंवा ट्रॅक्टर बंद पडताच झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि लगेच इंजिन चालू झाले, तर निदान पूर्ण झाले. ट्रॅक्टरवरील हरवलेल्या झाकणाच्या जागी प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली असते तेव्हा हा दोष मुद्दाम निर्माण केल्यासारखाच असतो.

फिल्टर आणि झाकण दोन्ही ठीक निघाल्यास टाकी ते पंप या ओढणाऱ्या नळीकडे यावे. या भागात नळीला तडा असला तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ‘कोठे गळती नाही’ या समाधानाला अर्थ नाही. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बुडबुडे असतील तर क्लिप, वॉशर आणि नळी बदलून एअर काढावी. येथेच एक इशारा आवश्यक आहे. जुन्या ट्रॅक्टरवर इंजिन चालू असताना नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्याची पद्धत आहे. कॉमन रेल इंजिनावर ती कधीही वापरू नये. तेथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि केसाएवढ्या फटीतून निघालेली धार हातमोज्यातून, कातडीतून आत घुसते. अशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, पण तातडीची शस्त्रक्रिया लागते.

डिझेल पिंपात साठवणाऱ्या शेतकऱ्यांनी पिंपाच्या तळाचे चार-पाच लिटर गाडीत ओतू नयेत. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने पिंपात दव धरते, पाणी तळाला जाते आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा काळा चिकट गाळ वाढतो. फिल्टर उघडल्यावर तसा गाळ दिसला, तर फिल्टर बदलून भागत नाही. टाकी धुवावी लागते, अन्यथा नवा फिल्टर काही दिवसांतच तुंबतो.

श्वास कोंडणे

इंधन आणि वीज दोन्ही निर्दोष असूनही गाडी दिवसेंदिवस जड होत असेल तर बाहेर जाणाऱ्या वायूची वाट पाहावी. पेट्रोल गाडीत एखादा प्लग किंवा कॉइल नीट काम करत नसेल तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्या तापाने आतील जाळी वितळून वाट बंद होते. इंजिन सुरू होते, मोकळ्यावर चालते, पण फेरे वाढतच नाहीत आणि शेवटी गुदमरून थांबते. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या छिद्रावर दाबमापक लावल्यास कोंडी आकड्यात दिसते. मात्र कन्व्हर्टर बदलण्याआधी तो का वितळला याचे उत्तर मिळवले पाहिजे. जुनी कॉइल तशीच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टर हा सर्वांत महागडा फ्यूज ठरतो.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतरच्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये काजळी गाळणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते काही काळ मोकळ्या रस्त्यावर सलग धावल्याशिवाय मिळत नाही. बाजार ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या, सतत गर्दीत उभ्या राहणाऱ्या गाडीला ही संधीच मिळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो आणि काही दिवसांनी संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो. ही ताकद बिघाडाने गेलेली नसते. इंजिन वाचवण्यासाठी काढून घेतलेली असते. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास, योग्य वेगाने गाडी पळवणे हा येथे उपचारही आहे आणि प्रतिबंधही.

मोठ्या ट्रकांच्या बाबतीत आणखी एक कारण थेट शेतीशी नाते सांगणारे आहे. धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी या गाड्यांना ३२.५ टक्के युरिया असलेले शुद्ध द्रावण वेगळ्या टाकीत लागते. द्रावण संपले किंवा त्याची प्रत बिघडली की संगणक ताकद कमी करतो. युरियाच आहे ना, मग गोदामातील पोत्यातला पाण्यात विरघळवून टाकावा, असा सल्ला ढाब्यांवर दिला जातो. तो घातक आहे. आपल्याकडील शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्णतः निंबोळी तेलाचे आवरण दिलेला आहे. त्यात बाययुरेट असते आणि विहिरीच्या पाण्यातील क्षार त्यात भर घालतात. या सर्वांचे थर फवारणी नोझल आणि उत्प्रेरक जाळीवर बसतात, आणि तो भाग बदलण्याचा खर्च द्रावणाच्या कितीतरी बादल्यांपेक्षा अधिक असतो. शिवाय अनुदानित युरिया शेतीबाहेरच्या कामासाठी वापरणे हा खत नियंत्रण आदेशाचा भंग आहे.

पाणी आणि इथेनॉल

डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचौंग चक्रीवादळ या दोन्ही वेळी चेन्नईतील असंख्य गाड्या पाण्यात बंद पडल्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नये. हा नियम कोल्हापूर-सांगलीच्या पुराला किंवा ओढ्यावरच्या फरशीलाही तितकाच लागू आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. स्टार्टरच्या किंवा धक्क्याच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. केवळ बंद पडलेले इंजिन वाचवता येते. जबरदस्तीने फिरवलेले बहुधा वाचत नाही. गाडी ओढून न्यावी, एअर फिल्टर भिजला आहे का पाहावे, प्लग किंवा इंजेक्टर काढूनच इंजिन हाताने फिरवावे. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करताना झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत अनेकदा धरले जात नाही, हेही ध्यानात असावे.

पुरातून वाचलेली पेट्रोल गाडी नंतर आठवडाभराने आचके देऊ लागते तेव्हा बोट हमखास इथेनॉलकडे दाखवले जाते. ऊस उत्पादकांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालेले वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आता सर्वत्र मिळते. इथेनॉल पाण्याला जवळ करते. थोडे पाणी ते आपल्यात विरघळवून घेते आणि ते निमूट जळून जाते. परंतु मर्यादेपेक्षा जास्त पाणी टाकीत शिरले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाला बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणीमिश्रित इथेनॉल मिळते आणि ते थांबते. दोष येथे शिरलेल्या पाण्याचा असतो. इथेनॉलमुळे तो वेगळ्या रूपाने पुढे येतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांत मात्र तक्रार खरी असू शकते : रबरी नळ्या व वॉशर फुगतात किंवा कडक होतात, टाकीतील जुना मळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो, आणि इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलपेक्षा कमी असल्याने थोडे अंतरही कमी मिळते.

वाद घालण्यापेक्षा नमुना काढणे सोपे. टाकीच्या तळाचे किंवा फिल्टरच्या आधीचे अर्धा लिटर इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन हलवू न देता पंधरा मिनिटे ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी शिरलेले आहे. टाकी रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावा आणि पाणी कोठून आले ते शोधावे. थर नसेल पण इथेनॉलच्या प्रमाणाबद्दल शंका असेल, तर १०० मि.लि.च्या मोजपात्रात ५० मि.लि. पाणी व ५० मि.लि. पेट्रोल घेऊन, बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. सगळे इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर ५० वरून सुमारे ६० वर गेला तर त्या ५० मि.लि. पेट्रोलमध्ये सुमारे १० मि.लि., म्हणजे वीस टक्के इथेनॉल होते. ७० वर गेला तर पंपचालकाकडे विचारणा करण्यासारखा पुरावा हातात आहे. ही चाचणी उघड्यावर, विस्तवापासून दूर करावी, आणि इंधन तोंडाने नळी ओढून कधीही काढू नये.

संगणकाची साक्ष

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली निदान-यंत्र जोडण्याचे एक प्रमाणित खोबण असते. साधा वाचक आता तालुक्याच्या गावीही मिळतो आणि उत्पादक कंपनीने किंवा अवजार केंद्राने एक घेऊन ठेवावा. पण त्यावर दिसणारा क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. पी ०३३५ याचा अर्थ ‘क्रँकशाफ्ट सेन्सर बदला’ असा नाही. ‘त्या सेन्सरच्या मंडलातून अपेक्षित खबर आली नाही’ एवढाच आहे. सेन्सर, त्याचा प्लग, उंदराने कुरतडलेली वायर यांपैकी काहीही असू शकते. तसेच पी ००८७ म्हणजे इंधन-रेलमधील दाब कमी पडला. तो फिल्टरमुळे, पंपामुळे की गळक्या इंजेक्टरमुळे हे यंत्र सांगत नाही. क्रमांक पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची स्थिती (वेग, तापमान, भार) वाचून घ्यावी. ती पुसली गेली की पुन्हा मिळण्यासाठी पुन्हा चौकात बंद पडावे लागते. उलट, क्रमांक एकही नाही म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही; तुंबलेले झाकण किंवा सैल अर्थ संगणकाला कळतीलच असे नाही.

रस्त्यावर असताना

धावत्या गाडीचे इंजिन थांबले की ब्रेकला मदत करणारी साठवलेली शक्ती दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरते आणि स्टिअरिंग जड होते. म्हणून ब्रेक वारंवार न पंप करता एकदाच घट्ट, सलग दाबावा. किल्ली पूर्ण मागे फिरवू नये. स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. चारही इंडिकेटर लावून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, वेगाच्या शिलकीवर डाव्या कडेला आणावी आणि त्रिकोणी फलक पुरेसा मागे ठेवावा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर स्टार्टर मारू नये.

कडेला सुरक्षित थांबल्यावरची पाच मिनिटे निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात : झाकण उघडून आवाज ऐकणे, पंपाची गुणगुण, टेस्ट लॅम्प, बॅटरीची पट्टी हलवून पाहणे, तापमानाचा काटा. त्यासाठी एक टेस्ट लॅम्प, चार फ्यूज, एक रिले, दहा-बाराचे पाने आणि पारदर्शक नळीचा हातभर तुकडा एवढे सामान सीटखाली मावते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रिले, फिल्टर आणि प्लग एकाच दिवशी बदलून गाडी सुधारली, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या गाडीला त्याचा उपयोग होत नाही.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच परिस्थिती पुन्हा उभी करावी : तेवढाच माल, तीच वेळ, तेवढेच इंधन, तोच चढ किंवा तोच चौक. दुपारी तासाभराने बंद पडणारी गाडी सकाळी दहा मिनिटे फिरवून ‘ठीक आहे’ म्हणून ताब्यात घेऊ नये. काढलेला जुना भाग मेकॅनिककडून परत मागून घ्यावा आणि त्यावर तारीख व किलोमीटर लिहून निदान दोन महिने जपून ठेवावा.